शाळा कधी उघडणार, ताई?

६ जुलै

ताई,

माझा फोन तू ब्लॉक केलास. घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस. शाळा उघडण्यासाठी नेमलेल्या तुझ्या समितीच्या कार्यालयात फोन केला तर तिथला माणूस मी तोंड उघडायच्या आत "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" म्हणतो. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र ब्लॉक करता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. लॉन्ड्रीच्या जुन्या पावत्यासुद्धा जपून ठेवणारी बाई तू.

आधी भांडून घेते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

शनिवारच्या ऑनलाइन सभेत तू मला म्यूट केलंस. सगळ्या जिल्ह्याचे पालक बघत असताना, सख्ख्या बहिणीला. मी एवढंच विचारलं होतं की तुमच्या चौथ्या आराखड्यात सगळ्या मुलांनी आणि शिक्षकांनी पूर्ण वेळ मास्क लावायचा असं लिहिलं आहे, तर जी मुलं ओठ बघून ऐकतात त्यांनी काय करायचं? तू म्हणालीस, "वैयक्तिक प्रश्न नंतर घेऊ." वैयक्तिक! मग माझा आवाज चढला, हे मान्य. पण पुढच्याच क्षणी तो गेलाच. पडद्यावरच्या माझ्या चौकटीत माझे ओठ हलत होते आणि कुणाला काही ऐकू जात नव्हतं.

भिंगरी माझ्या शेजारी बसली होती. ती पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "आई, मला कळलं तू काय म्हणालीस."

तिच्या मावशीला हे सांगायची गरज नाही, पण अध्यक्षबाईंना सांगते. एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. एका कानाने काहीच ऐकू येत नाही, दुसऱ्या कानातल्या यंत्राने दार आपटल्याचं आणि कुकरच्या शिट्टीचं कळतं, बोललेलं कळत नाही. ती माणसांचे ओठ वाचते. सगळ्यांच्या शाळेत, सगळ्यांबरोबर चौथीपर्यंत आली. तिच्यासाठी तुमच्या आराखड्यात एक ओळ नाही. शाळा उघडली नाही तर ती मोबाईलच्या पडद्यावर नखाएवढे चेहरे बघत बसणार, आणि ते चेहरेही मध्येच गोठतात. उघडली तर सगळ्यांची तोंडं झाकलेली. तू सांग, मी कुठल्या बाजूने ओरडू?

माझं चष्म्याचं दुकान उघडलं आहे. सगळ्यांच्या चष्म्यावर वाफ धरते म्हणून गर्दी आहे. मी रोज लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते आणि रोज एक गोष्ट बघते. मास्कमधून बोलले की समोरचा पुढे झुकतो. "काय म्हणालात?" मी मोठ्याने बोलते, तरी "काय?" चांगले धडधाकट कान असलेली माणसं! म्हणजे सगळेच थोडेफार ओठ वाचत होते, कुणाला पत्ता नव्हता. आणि भिंगरी हे एकटी, पूर्ण, सकाळपासून झोपेपर्यंत करत आली. घरात वावरताना मी आता तिच्याकडे चोरून बघते. एवढ्याशा डोळ्यांवर तिने सगळं जग तोललं आहे आणि वर दंगाही करते.

भिंगरीचे बाबा सुखरूप आहेत. हॉस्पिटलांच्या लिफ्ट बंद पडून चालत नाही, म्हणून त्यांना दुरुस्तीला रोज जावं लागतं. घरी आले की जिन्यातच कपडे बदलतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्या वेळी दार उघडायचं सोडून दिलं आहे.

उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीत राहणार आहे.

तुझी धाकटी


२४ जुलै

ताई,

पाचवा आराखडा वाचला. अर्धी मुलं एक दिवस, अर्धी दुसऱ्या दिवशी, आणि एक दिवस सगळ्यांना सुट्टी, भिंती पुसायला. काल शाळेच्या मैदानावर पालक जमले होते. तू आली नाहीस ते बरं केलंस.

इथे आता दोन पक्ष झाले आहेत, उघडावाले आणि उघडू-नकावाले. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे, की सगळा दोष तुझा. बेकरीवाला कर्णा घेऊन आला होता. "पोरं घरात सडायला लागली! आराखडे छापून छापून यांचे कागद संपत नाहीत!" त्याच्या समोर एक गृहस्थ उभे होते, त्यांचे वडील ऑक्सिजनवर आहेत. ते म्हणाले, "तुमचं पोरगं शाळेतून येऊन माझ्या पोराला खोकलं, आणि माझं पोरगं आजोबांजवळ बसलं, तर जबाबदार कोण?" एक नर्सबाई मधे उभी राहून रडायला लागली. तिला ड्युटी चुकत नाही आणि धाकट्या दोघांना घरात कोंडून कुलूप लावून जावं लागतं. "मी लोकांची मुलं वाचवते आणि माझी कुलपात ठेवते," म्हणाली. मग थोड्या वेळाने सगळे पुन्हा तुझ्यावर घसरले.

मीही बोलले. काय बोलले ते तुझ्या कानावर आलंच असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मात्र कुणाकडे न बघता घरी निघाले.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. आणखी कुणाला सांगू कळत नाही, आणि भिंगरीचे बाबा ऐकता ऐकता बसल्या जागी झोपतात.

मैदानावरून आले तर भिंगरी मागच्या गॅलरीत उभी होती. पाठ माझ्याकडे. रस्त्यापलीकडच्या इमारतीत तिच्या वर्गातली एक मुलगी राहते. तिला आम्ही 'समोरची' म्हणतो. तीही तिच्या गॅलरीत उभी. मधे अख्खा रस्ता, खालून पाण्याचा टँकर घरघरत चाललेला. आणि या दोघी बोलत होत्या. हातांनी!

आपण लहानपणी करायचो तसे हातवारे नव्हेत. बोटं एवढी झरझर चालत होती की मला एक खूण संपून दुसरी कुठे सुरू होते तेच कळेना. मधेच भिंगरीने भुवया उडवल्या, गाल फुगवले, हात छातीजवळ आणून झटकला. समोरची गॅलरीच्या कठड्यावर पडून हसायला लागली. मग समोरचीने काहीतरी लांबलचक सांगितलं आणि भिंगरीने ऐकलं. ऐकलं असंच लिहिते. ती मान किंचित तिरकी करून उभी होती, अगदी आरामात, कपाळावर आठी नाही. ताई, माझी मुलगी कुणाचं बोलणं ऐकते तेव्हा तिच्या कपाळावर कायम एक आठी असते. मला वाटायचं ती तिच्या चेहऱ्याचीच आहे.

विचारलं तर म्हणाली, फोनवर व्हिडिओत एक बाई शिकवते, ती बाईही बहिरी आहे. "मी शिकले आणि मग तिला शिकवलं." जसं काही पोहायला शिकले.

आपल्या भिंगरीला बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आठवतात? हातांची सवय लागली की जीभ आळशी होते, म्हणायच्या. त्या भीतीने आमच्या घरात कुणी बोटसुद्धा हलवत नसे. मी दारातल्या पडद्यामागे उभी होते. एक हाक मारून थांबवता आलं असतं. हाक तिला ऐकू गेली नसती, तो भाग वेगळा. पण मी पुढे झालेच नाही. अंगावर काटा आला होता. आपल्या घरात एक अख्खी भाषा येऊन राहिली होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुझी
(रागावलेलीच)


११ ऑगस्ट

ताई,

तुझ्या फाटकावर कुणीतरी लाल रंगाने काहीबाही लिहिलं आणि उजाडता उजाडता कुणीतरी ते पुसून टाकलं, असं ऐकलं. तू शेजाऱ्यांकडे चौकशी करत होतीस म्हणे. मला काय माहीत? मी त्या बाजूला फिरकतसुद्धा नाही. रॉकेलने लोखंडावरचा रंग जातो, पण वास चार दिवस हाताला राहतो, एवढं मात्र मी कुणालाही सांगू शकेन.

लिहिणाऱ्यांची मला लाज वाटली. मी मैदानावर बोलले त्यातलाच एक शब्द होता तो. पुढचं मी लिहीत नाही.

बेकरीवाल्याने दुकानात येऊन विचारलं, "तुम्ही अध्यक्षबाईंच्या बहीण ना? मग आत काय शिजतंय?" मी म्हटलं, "माझा फोन घेत नाही ती." तो खजील झाला. म्हणाला, "माझाही भाऊ नाही घेत." मग चष्मा न घेताच गेला.

सहावा आराखडा आला. तेवीस पानं. सतराव्या पानावर एक ओळ आहे: "श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांच्या वर्गशिक्षकांनी , ओठ दिसावेत म्हणून , पारदर्शक मास्क वापरावा." मी ती ओळ दुकानात गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचली. जिल्ह्यात अशी किती मुलं आहेत ते मला माहीत नाही. ओळ कुणी घातली तेही मला विचारायचं नाही. पण मसुदा टाइप करताना स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडायची सवय आपल्या घरात एकाच माणसाला आहे.

भिंगरीला दाखवली. तिने वाचली आणि म्हणाली, "मावशीने केलं?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "आई, तुझे ओठ खोटं बोलतात तेव्हा लहान होतात."

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी शाळा. मला धडकी भरली आहे. ओरडत होते तेव्हा बरं होतं.

तुझी


७ सप्टेंबर

ताई,

आज शाळा उघडली. तू पाण्याच्या टाकीमागे टोपी घालून उभी होतीस ते मी पाहिलं. टोपीने तू लपत नाहीस. मी हात केला नाही, कारण हात केला असता तर मला रडू आलं असतं, आणि आजूबाजूला सगळे उघडावाले आणि उघडू-नकावाले होते. पण तू लांब होतीस, तुला सगळं दिसलं नसेल. म्हणून लिहिते.

मैदानावर चुन्याची वर्तुळं आखली होती, एकेका मुलासाठी एकेक. मुलं येऊन आपापल्या वर्तुळात उभी राहिली. एवढी मुलं आणि आवाज नाही. मला वाटलं घाबरली असतील. पालक कुंपणाबाहेर. तिथे आवाज होता, बेकरीवाला आणि ते ऑक्सिजनवाले गृहस्थ पुन्हा जुंपले होते.

भिंगरीच्या बाई आल्या. पारदर्शक मास्क लावला होता, तुझ्या सतराव्या पानावरचा. त्यांनी तोंड उघडलं आणि मास्कवर वाफ धरली. दोन वाक्यांत ओठ दिसेनासे झाले. मी रोज दुकानात वाफ बघते, माझ्या डोक्यात हे कसं आलं नाही? बाई बोलत होत्या, ओळीने आत जा, बाकांवर नावं आहेत, डबा वाटून खायचा नाही. मुलं माना डोलवत होती. भिंगरी आपल्या वर्तुळात उभी, कपाळावर ती आठी, डोळे बाईंच्या तोंडावर खिळलेले. तिथे पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. मग तिने खाली पायांकडे बघितलं. ती कधी खाली बघत नाही, ताई. खाली बघितलं की तिच्यासाठी सगळं बंद होतं.

मी कुंपणाच्या जाळीला धरून उभी होते. आत शिरायचं, बाईंच्या तोंडावरचा मास्क ओढायचा, एवढंच डोक्यात होतं. कडी उघडलीसुद्धा.

तेवढ्यात भिंगरीच्या पुढच्या वर्तुळातली समोरची वळली. तिने पाय आपटला, जमीन हादरेल असा. भिंगरीने वर बघितलं. समोरचीचे हात सुरू झाले. बाई बोलतील ते ती हातांनी सांगत होती. मला वाटलं, चला, एक तरी मैत्रीण आहे.

मग तिच्या पलीकडच्या मुलाने हात वर केले. बेकरीवाल्याचा मुलगा तो! त्याने समोरचीचं काहीतरी दुरुस्त केलं. समोरचीने मान उडवून त्याला झिडकारलं, हातांनीच. मागच्या ओळीतल्या एकीने मधे तोंड घातलं. तोंड कसलं, हातच. आणि मग सगळा वर्ग, ताई. अख्खा वर्ग! चुन्याच्या वर्तुळांत, एकमेकांपासून लांब, तोंडं झाकलेली, आणि हात, हात, हात. पाखरांचा थवा एकदम झाडावरून उठावा तसे. कुणी विनोद केला, एका कोपऱ्यातून हसू सुटलं आणि पार दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. कुणी बाईंच्या मास्कची नक्कल केली. दोघं भांडत होते. एक मुलगा लांबून भिंगरीला काहीतरी विचारत होता आणि ती इतक्या थाटात, इतक्या घाईत उत्तरं देत होती, तिघांना एकाच वेळी, की तिची वेणी सुटली आणि तिला कळलं नाही.

मला एक अक्षर कळत नव्हतं. त्या मैदानावर न ऐकू येणारी मी होते.

कुंपणाजवळचं भांडण थांबलं होतं. बेकरीवाला कर्णा खाली धरून उभा. "माझं पोरगं हे कुठे शिकलं?" त्याने मलाच विचारलं. ते गृहस्थ म्हणाले, "माझा पण करतोय. तो बघा, तिसरा. तो तर कुणाशी बोलतच नाही." नर्सबाई ड्युटीला उशीर होत असून तशीच उभी होती. कुणी फोन काढून चित्रीकरण केलं नाही, एवढं लक्षात ठेव. सगळ्यांचे हात जागच्या जागी राहिले.

नंतर कळलं. इतके महिने ऑनलाइन वर्गात बाई सगळ्यांचे आवाज बंद ठेवायच्या, गोंगाट नको म्हणून. त्या काळात पडद्याच्या चौकटींत भिंगरी वर्गाला शिकवत होती. रोज, बाईंच्या डोळ्यांदेखत. बाई म्हणाल्या, "मला वाटायचं मुलं माशा मारतायत." आम्ही मोठी माणसं दोन पक्ष करून भांडत होतो, तू आराखडे काढत होतीस, मी तुझ्यावर ओरडत होते, आणि या पोरांनी मधल्या मधे आपली शाळा उघडून टाकली होती.

रस्त्यात भिंगरीने मला विचारलं, "आई, तू रडतेस का?" मी मास्क खाली करून तिला खरं सांगितलं, की मला भीती वाटली. तिची नव्हे. काहीतरी माझ्याहून खूप मोठं बघितलं की वाटते तशी.

तुलाही वाटली का, टाकीमागे?

तुझी धाकटी


३० सप्टेंबर

ताई,

हे पत्र समोरचीची आई दोरीला बांधलेल्या पिशवीतून घेणार आहे आणि दिवसभर उन्हात ठेवून मग तुझ्याकडे पाठवणार आहे. बिनधास्त उघड.

शाळा पुन्हा बंद केलीस. बाईंना ताप आला म्हटल्यावर दुसरं काय करणार होतीस? बेकरीवाला पुन्हा चिडला आहे, पण कर्णा आणला नाही. दोन्ही पक्ष मिळून तुझ्या कार्यालयात एक अर्ज घेऊन येणार आहेत, उघडल्यावर सगळ्या वर्गांना खुणांची भाषा शिकवा म्हणून. सही करताना ते गृहस्थ आणि बेकरीवाला एकाच पेनासाठी भांडले.

आमच्याकडे आधी भिंगरीच्या बाबांना झालं, मग मला. ते आता उठून बसतात. माझा ताप उतरला पण आवाज पूर्ण गेला आहे. कुजबुजतासुद्धा येत नाही. भिंगरीला काही नाही. ती घर चालवते. मला औषध कधी घ्यायचं ते खुणेने सांगते आणि मी चुकीच्या खुणेने उत्तर दिलं की माझी बोटं धरून सरळ करते. मी फार ढ विद्यार्थिनी आहे. 'पाणी' मागायला गेले आणि 'हत्ती' मागितला.

काल संध्याकाळी तू खाली रस्त्यावर येऊन उभी राहिलीस. टोपी नव्हती. मी खिडकीत आले, तू "कशी आहेस?" विचारलंस, आणि मी तोंड उघडलं तर नुसती हवा. तुला वाटलं असेल की मी अजून रागाने बोलत नाही. ताई, मी बोलत होते. सगळं बोलत होते.

त्याच वेळी खिडक्या उघडायला लागल्या, बघितलंस ना? रोज संध्याकाळी हेच असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, वरखाली, वर्गातली मुलं खिडक्यांत येतात आणि दिवे लागेपर्यंत बोलत राहतात. सगळ्या रस्त्यावर एक शब्द नाही आणि गप्पांचा नुसता पूर. खालून जाणारी माणसं मान वर करतात आणि चालायचं विसरतात. तू मधोमध उभी होतीस, मान कधी इकडे, कधी तिकडे. तुझा चेहरा मला वरून दिसत होता. आईने आपल्याला पहिल्यांदा समुद्र दाखवला होता, त्या वेळी तू अशीच उभी राहिली होतीस, चपला हातात घेऊन.

मग भिंगरीने तुला हातांनी काहीतरी विचारलं. तुला ओ का ठो कळलं नाही ते मला दिसत होतं. तरी तू जोरजोरात मान हलवलीस. हो, हो, हो. दोनदा विचारलं, दोनदा 'हो' म्हणालीस.

तिने काय विचारलं ते नंतर तिनेच मला तोंडाने सांगितलं, आणि तुला ते कळायला हवं. तिने विचारलं, "मावशी, शाळा उघडली की तू आमच्या वर्गात बसशील? सगळ्यांच्या पुढे, पहिल्या बाकावर? मी शिकवीन."

तू निघून गेल्यावर तिने ही बातमी सगळ्या खिडक्यांना सांगितली. आता रस्त्याला माहीत आहे.

तुझी